सोनेरी, उभं आणि टॅप होणारं डेबिट कार्ड: चित्राआधी थर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका नागरी सहकारी बँकेला सुवर्णमहोत्सवानिमित्त २०,००० रुपे डेबिट कार्डं काढायची आहेत. चिप हवी, टॅप हवं, जमलं तर मेट्रोतही चालावं. संचालक मंडळाला कार्ड पूर्ण सोनेरी आणि उभं हवंय, एका कोपऱ्यात पारदर्शक खिडकी हवी आणि ग्राहकाचं नाव देवनागरीत हवं. जाहिरात संस्थेने कागदावर सुरेख नमुना करून दिला आहे. तो तसाच छापायला द्यायचा का, आणि कुठे काय चुकू शकतं?

तसाच देऊ नका. नमुना वाईट आहे म्हणून नव्हे. कार्डाचं चित्र सगळ्यात शेवटी ठरतं, आणि इथे ते सगळ्यात आधी ठरलंय. बँकेचं कार्ड हा छापील तुकडा दिसत असला तरी आतून तो एक छोटा रेडिओ आहे, आणि वर्षानुवर्षं एटीएमच्या फटीतून जाणारा यंत्राचा भागही आहे. आधी आतले थर, मग अँटेना, मग चिप, मग मागची पट्टी आणि त्यातून जी जागा उरेल ती चित्रकाराची. हा क्रम उलटला की कारखान्यात दर टप्प्यावर तडजोड करावी लागते आणि तिची किंमत ग्राहक दुकानाच्या काउंटरवर मोजतो.

माप सगळ्या जगात एकच: ८५.६० × ५३.९८ मिमी, जाडी ०.७६ मिमी. जाडीत ०.०८ मिमी इकडेतिकडे चालतं. कोपऱ्याची त्रिज्या ३.१८ मिमीच्या आसपास. टॅपच्या कार्डात या पाऊण मिलिमीटरमध्ये किमान पाच थर बसतात. मधोमध इनले, म्हणजे तांब्याची अँटेना बसवलेली शीट, साधारण ०.३६ मिमी. तिच्या वर आणि खाली छपाईच्या पांढऱ्या शीट, प्रत्येकी ०.१५. सगळ्यात बाहेर दोन्ही बाजूंना पारदर्शक ओव्हरले, प्रत्येकी ०.०५. बेरीज बरोबर ०.७६. प्रत्यक्षात शाई जाडी वाढवते आणि प्रेस दाबून कमी करते, म्हणून प्रत्येक कारखान्याचा गठ्ठा थोडा वेगळा असतो. तुम्ही मागायची गोष्ट म्हणजे या गठ्ठ्याचा कागद: कोणता थर, कशाचा, किती जाड. पुरवठादाराला तो एका दिवसात देता येत नसेल तर तो कार्ड स्वतः बनवत नाही, कुणाकडून तरी बनवून घेतो असं समजा.

प्लॅस्टिक कोणतं? बहुतेक कार्डं पीव्हीसीची असतात आणि तुमच्यासाठी तेच योग्य आहे. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे मे महिन्यात विदर्भात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं कार्ड वाकू शकतं, पण खिशात त्याला काही होत नाही. पर्यावरणाचा विचार असेल तर पुनर्वापराचं पीव्हीसी घ्या. ते त्याच प्रेसवर, जवळपास त्याच तापमानाला चालतं. मक्याच्या स्टार्चपासून बनणारं पीएलए ऐकायला छान वाटतं, पण ते साठ अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. आपल्या उन्हाळ्यात पाच वर्षं टिकवायच्या कार्डासाठी निव्वळ पीएलए मी सुचवणार नाही. धातूच्या कार्डाची चर्चा मंडळात निघालीच तर एवढंच सांगा की पीव्हीसीचं कार्ड जेमतेम ५ ग्रॅम भरतं, तर तेवढ्याच आकाराचं सलग पोलादी कार्ड २७ ग्रॅमच्या वर जाईल, आणि धातूतून टॅप चालवण्यासाठी फेराइटचा थर किंवा धातूला खास चीर द्यावी लागते. २०,००० सर्वसाधारण खातेदारांसाठी तो खर्च अनाठायी आहे.

आता सोनेरी रंग, कारण तुमचा सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. सोनेरी किंवा चंदेरी शाईत बहुधा ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या बारीक पापुद्र्या असतात. टॅप चालतं ते १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर. यंत्र क्षेत्र निर्माण करतं, कार्डातली अँटेना त्यातून वीज घेते आणि चिप जागी होते. या दोघांच्या मध्ये विद्युतवाहक थर आला की त्यात भोवरी प्रवाह फिरतात, क्षेत्र खाल्लं जातं आणि अँटेनाचा सूरही, म्हणजे ती जुळवलेली वारंवारिता, सरकतो. परिणाम असा की कारखान्याच्या चांगल्या रीडरवर कार्ड चालतं, बँकेच्या डेमो मशीनवर चालतं, पण भाजीवाल्याच्या अर्ध्या चार्जिंगवरच्या मशीनवर तीनदा टेकवावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे वाहक शाई काठापर्यंत गेली की ग्राहकाच्या अंगावरची स्थिर वीज कार्डातून थेट मशीनमध्ये उतरते आणि मशीन अडकतं. पूर्ण पृष्ठभागावर धातूची फॉइल लावली तर हे दोन्ही दोष आणखी तीव्र होतात.

उपाय साधा आहे. धातूची शाई सोडा आणि मोत्याच्या झाकेची शाई घ्या. तिच्यात अभ्रकाचे कण असतात आणि त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा असतो. ते वीज वाहत नाहीत. खाली गेरूकडे झुकणारा पिवळा ऑफसेटने छापायचा आणि वर ही शाई सिल्कस्क्रीनने द्यायची. हात हलवला की कार्ड सोन्यासारखं उजळतं आणि टॅपला काही होत नाही. खरी सोनेरी फॉइल हवीच असेल तर ती फक्त बोधचिन्हापुरती, अँटेनाच्या वेढ्यापासून दूर हॉट स्टॅम्प करा. अँटेना कुठे असते हे डिझायनरला माहीत असलं पाहिजे. मोठ्या वेढ्याच्या अँटेनासाठी मानकाने चौकट आखली आहे: बाहेरचा आयत ८१ × ४९ मिमी, आतला ६४ × ३४ मिमी. या दोन आयतांमधल्या पट्ट्यात तारेचे वेढे फिरतात. डिझाइनच्या फाइलमध्ये हा पट्टा वेगळ्या लेअरवर आखून ठेवा.

सोनेरी शाईचा दुसरा त्रास चिकटण्याचा. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिक प्लॅस्टिकला वितळून जोडलं जातं. मध्ये शाईचा सलग जाड थर आला की जोड कमजोर होतो आणि वर्षभरात ओव्हरले कोपऱ्यातून सुटायला लागतो. मानकाप्रमाणे थर सोलून काढायला किमान ०.३५ न्यूटन प्रति मिमी इतकं बळ लागायला हवं. स्क्रीनची शाई पूर्ण पृष्ठभागावर असेल तर गोंदाचा लेप असलेला ओव्हरले वापरा आणि ही सोलण्याची चाचणी छापलेल्या भागावरच करायला सांगा. कोऱ्या पांढऱ्या पट्टीवर घेतलेला निकाल इथे निरुपयोगी आहे. अहवालात नमुना कुठून कापला ते लिहून घ्या.

पारदर्शक खिडकीपासून मी तुम्हाला परावृत्त करेन, पण ती अशक्य म्हणणार नाही. एटीएमच्या तोंडाशी अवरक्त किरणांचे सेन्सर असतात. त्यांना कार्ड दिसलं तरच मोटर फिरते. आरपार खिडकी सेन्सरच्या वाटेत आली की मशीनला वाटतं कार्ड संपलं. यासाठी डोळ्यांना पारदर्शक पण अवरक्त किरण अडवणारी खास शाई लागते, ती अख्ख्या बॅचभर एकसारखी बसवावी लागते आणि वेगळी तपासावी लागते. शिवाय खिडकीतून अँटेनाची तार दिसते. पहिल्याच कार्ड प्रकल्पात एवढी जोखीम घेण्याइतका फायदा त्यात नाही. खिडकीऐवजी चकचकीत आणि मॅट यांचा खेळ करता येतो: ओव्हरले मॅट ठेवायचा आणि बोधचिन्हावर स्पॉट वार्निश द्यायचं. बोटालाही फरक कळतो.

उभं कार्ड करा, त्याला काही अडचण नाही. मात्र चिपची जागा हलत नाही. कार्ड आडवं धरलं तर चिपवरच्या पहिल्या धातूच्या संपर्काची डावी कड कार्डाच्या डाव्या काठापासून १०.२५ मिमीवर आणि वरची कड वरच्या काठापासून १९.२३ मिमीवर असते. त्यामुळे चिप कार्डाच्या मध्यरेषेच्या ३ ते ४ मिमी वर बसते. कार्ड उभं केलं की चिप मधोमध येत नाही, बाजूला सरकलेली दिसते. डिझायनर नेहमी चिप मध्यभागी ठेवून सुंदर सममित चित्र काढतात आणि प्रूफ आल्यावर गोंधळ उडतो. सममिती चिपभोवती बांधू नका, बोधचिन्ह दुसऱ्या टोकाला ठेवा. कार्डाचं कोणतं टोक मशीनमध्ये जातं हे उभ्या चित्रात ग्राहकाला पटकन कळत नाही, म्हणून चिपच्या टोकाकडे एक छोटा बाण द्या. चुंबकीय पट्टी मागे लांब काठालाच राहते, तिला उभं-आडवं काही नसतं. तिची रुंदी साधारण १२.७ मिमी, आणि ती २,७५० ओर्स्टेडची घ्या (हा आकडा जितका मोठा तितकी पट्टी पुसायला कठीण). ३०० ओर्स्टेडची स्वस्त पट्टी पर्सच्या लोहचुंबकी बटणानेही पुसली जाते. मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलंय की २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवर ही पट्टी उरणार नाही. पण तुमचं कार्ड आजच्या एटीएममध्ये जायचं आहे, तेव्हा पट्टी ठेवा.

देवनागरी नावाचा मुद्दा दोन भागांत सोडवा. बँकेचं नाव, घोषवाक्य, मागच्या सूचना हा सगळा मजकूर छपाईचा आहे, तो खुशाल मराठीत करा. फक्त अक्षर बारीक करू नका. रोमन अक्षर ५ पॉइंटला वाचता येतं, देवनागरीत त्या आकाराला रफार, वेलांटी आणि अनुस्वार शाईने भरून जातात. साडेसहा पॉइंटच्या खाली उतरू नका, आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर काढायचं असेल तर आठ पॉइंट आणि थोडा जाड टंक घ्या. बारीक मजकूर एकाच शाईत छापा. चार रंग एकमेकांवर चढवून केलेल्या काळ्यात रंगांची एकमेकांवरची जुळणी केसाएवढी सरकली तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

ग्राहकाचं नाव मात्र रोमनमध्येच राहील, निदान यंत्रासाठी तरी. चुंबकीय पट्टीच्या पहिल्या ट्रॅकवर फक्त रोमन मोठी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं बसतात, आणि नावाला २६ जागा मिळतात. चिपमधल्या नावाच्या रकान्याचीही तीच मर्यादा. मराठी नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात, तेव्हा नाव कुठे तोडायचं हा नियम बँकेने आधीच लिहून ठेवावा, नाहीतर फाइल बनवणारा आडनावच अर्धं कापतो. मशीनच्या पडद्यावर कार्डाचं (ग्राहकाचं नव्हे) नाव देवनागरीत उमटवण्याची सोयही नाही. चिपमधला कार्डाच्या नावाचा रकाना आयएसओ ८८५९ या लिपीसंचांवर चालतो. त्या मालिकेतला बारावा भाग देवनागरीसाठी योजला होता, पण १९९७ मध्ये ते काम सोडून देण्यात आलं. एवढी मोठी लिपी एका रकान्याअभावी अजून दाराबाहेर आहे याचं वाईट वाटतं. तरीही कार्डाच्या अंगावर ग्राहकाचं नाव देवनागरीत चित्र म्हणून छापता येतं. पर्सोनलायझेशनच्या, म्हणजे प्रत्येक कार्डावर त्या ग्राहकाची माहिती भरणाऱ्या, यंत्राला युनिकोड टंक आणि जोडाक्षरं नीट जुळवणारं सॉफ्टवेअर लागेल. 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'दुर्गा', 'लक्ष्मी' आणि 'ऱ्हाटकर' ही पाच नावं चाचणीला द्या. ती बरोबर आली तर बाकीची येतील.

उठावाचे आकडे, म्हणजे एम्बॉसिंग, टाळा. उठाव जवळपास अर्धा मिलिमीटर उंच असतो, तो कार्ड वाकवतो आणि चुकून अँटेनावर पडला तर तार तोडतो. सपाट छपाई करा आणि नंबर मागे न्या. पुढची बाजू स्वच्छ राहते आणि कुणी फोटो काढला तरी नंबर जात नाही. मात्र साध्या थर्मल रिबनने छापलेला नंबर दोन वर्षांत पाकिटात घासून जातो. वर संरक्षक थर किंवा अतिनील किरणांनी सुकणारी शाई मागा. उठाव गेल्याने अंध ग्राहकांचा आधार जातो हे लक्षात ठेवा. मास्टरकार्डने २०२१ मध्ये काठाला खाच देण्याची पद्धत आणली: क्रेडिटला गोल, डेबिटला चौकोनी, प्रीपेडला त्रिकोणी. तुमच्या कार्डावर अशी खाच हवी असेल तर रुपे चालवणाऱ्या एनपीसीआयला डिझाइन मंजुरीच्या वेळीच विचारा, कारण ती खाच कापायला पंचिंगनंतर, म्हणजे शीटमधून कार्डं कापल्यावर, वेगळा टप्पा लागतो.

मंजुरीचं एक बजावून सांगतो. रुपेचं चिन्ह असलेलं कार्ड मान्यताप्राप्त कारखान्यातच छापता येतं. शाळेची ओळखपत्रं छापणाऱ्याकडे 'फक्त नमुन्यापुरती' दहा कार्डंसुद्धा छापून घेऊ नका. आणि तुमची बँक दुसऱ्या बँकेच्या प्रायोजकत्वाखाली कार्ड काढत असेल तर बिन (कार्ड नंबरचे सुरुवातीचे, बँक ओळखवणारे अंक) कुणाचा, मंजुरीसाठी चित्र कोण पाठवणार आणि चिपच्या कीज (गुप्त सांकेतिक किल्ल्या) कुणाच्या ताब्यात राहणार हे तिन्ही प्रश्न करारात सोडवा.

आता कारखान्यात काय होतं आणि तुम्ही कुठे उभं राहून पाहायचं ते सांगतो.

एका शीटवर २४ किंवा ४८ कार्डं बसतात. ४८च्या हिशेबाने २०,००० कार्डांना ४१७ शीट लागतात. दहा टक्के वाया धरून ४५९ घ्या. हे वाया गेलेलं 'रद्दी' नसतं. प्रत्येक शीट मोजलेली असते आणि खराब झालेली शीट दोघांच्या सहीने फाडून नोंदवली जाते. छपाईचा रंग कागदावरच्या प्रूफवरून कधीही मंजूर करू नका. उष्णतेत रंग बदलतो, मॅट ओव्हरले त्याला राखाडी आणि फिका करतो, चकचकीत ओव्हरले गडद करतो. त्याच शीटवर छापलेला, त्याच प्रेसमधून निघालेला, त्याच मापात कापलेला नमुना हातात घ्या. तीन नमुने मागा: ठरलेला रंग, एक पायरी गडद, एक पायरी फिका. तिन्हीवर सही करून एक संच बँकेच्या तिजोरीत ठेवा. पुढच्या वर्षी दुसरी बॅच निघेल तेव्हा वादाचा निकाल हे तीन तुकडेच लावतील.

अँटेना बसवण्याची पद्धत विचारा. साधारण ०.११ मिमी जाडीची तांब्याची तार अल्ट्रासॉनिक कंपनांनी प्लॅस्टिकमध्ये रुतवतात, किंवा धातूच्या पत्र्यातून अँटेना कोरतात. वेढे किती आणि किती अंतरावर हे चिपच्या धारितेवर ठरतं. बाजारात १७ पिकोफॅरडच्या चिप आहेत आणि सत्तरच्या आसपासच्याही. एका चिपसाठी जुळवलेली इनले दुसऱ्या चिपला लावली की सूर चुकतो. चिपचा तुटवडा असताना पुरवठादार 'तशीच दुसरी' चिप देऊ करतो, तेव्हा इनलेसकट बदल आणि नव्याने चाचणी यांचा आग्रह धरा.

लॅमिनेशनमध्ये गठ्ठे पॉलिश केलेल्या पोलादी पत्र्यांमध्ये ठेवून साधारण १३० ते १५० अंशांपर्यंत तापवतात, दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि मग दाब न सोडता थंड करतात. बहुतेक दोष थंड करण्याच्या टप्प्यात जन्मतात. घाईने दाब सोडला की प्लॅस्टिक असमान आकसतं आणि कार्डाला बाक येतो. सपाट कार्डाचा बाक जाडीसकट १.५ मिमीपेक्षा जास्त नसावा. काचेवर कार्ड ठेवून तपासा. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड दिसली तर उष्णता किंवा दाब कमी पडला, नाहीतर पत्रा खराब. कार्ड उजेडात तिरकं धरल्यावर तारेची चौकट उमटलेली दिसली तर तारेच्या जाडीची भरपाई करणारा थर नाही किंवा छपाईची शीट फार पातळ. तुमच्या सोनेरी चमकदार पृष्ठभागावर ही चौकट पांढऱ्या कार्डापेक्षा कितीतरी ठळक दिसेल, म्हणून लॅमिनेट नमुना खिडकीतल्या उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नव्हे.

प्रेसमधून निघालेल्या शीटला विश्रांती द्या, चोवीस तास, स्थिर तापमानात आणि आर्द्रतेत. पावसाळ्यात तर हे अजिबात चुकवू नये. गरम शीट लगेच पंच केली तर कार्ड नंतर आकसतं आणि चिपचा खड्डा जागेवरून सरकतो.

पंचिंगनंतर मिलिंग: चिपच्या मॉड्युलसाठी (चिप आणि तिचे धातूचे संपर्क असलेला तुकडा) दोन पायऱ्यांचा कोरलेला खड्डा. बाहेरची उथळ पायरी मॉड्युलच्या कडेसाठी आणि गोंदासाठी, आतली खोल पायरी चिपच्या फुगवट्यासाठी. आतल्या खड्ड्याखाली प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा उरतो, म्हणूनच मागच्या बाजूला तिथे कधी कधी फिकट डाग दिसतो. डिझायनरने मागे त्या जागी सपाट एकरंगी भाग ठेवू नये, बारीक नक्षी ठेवावी, म्हणजे डाग लपतो. मॉड्युल गरम गोंदाने चिकटवतात. बसल्यावर ते पृष्ठभागापासून ०.१० मिमीपेक्षा वर किंवा खाली नसावं. वर राहिलं तर मशीनच्या पिना अडकतात, खाली गेलं तर संपर्क तुटतो.

टॅपच्या कार्डात आणखी एक नाजूक जोड असतो, अँटेना आणि मॉड्युल यांचा. तो तार सोल्डर करून, वाहक गोंदाने, किंवा मॉड्युलवरच छोटी कॉइल ठेवून प्रत्यक्ष जोडाशिवाय करतात. वाहक गोंद स्वस्त आणि वेगवान, पण कार्ड वारंवार वाकलं की त्यात सूक्ष्म भेग पडते. मग कार्ड कधी टॅप होतं, कधी नाही, चिप घातली तर दर वेळी चालतं. शाखेत आलेली 'टॅप बंद पडलं' ही तक्रार अनेकदा इथली असते. मागच्या खिशात पाकीट ठेवून बसण्याची सवय पाहता मी कॉइल असलेलं मॉड्युल किंवा सोल्डर निवडेन. वाकवण्याच्या चाचणीत कार्ड चार दिशांनी मिळून १,००० वेळा वाकवतात, लांब बाजूला २० मिमी आणि आखूड बाजूला १० मिमी. पिळण्याची चाचणी १५ अंशांची, तीही १,००० वेळा. चाचणीनंतर फक्त चिप वाचून 'पास' लिहू नका. टॅपसुद्धा वाचा, तेही ४ सेंमी अंतरावर धरून.

प्लॅस्टिक इथे संपतं आणि पर्सोनलायझेशन सुरू होतं. अर्धे प्रकल्प इथे रखडतात, कारण यात बँकेचं संगणक खातं, स्विच (व्यवहार बँकांमध्ये पोचवणारी यंत्रणा) चालवणारी कंपनी आणि कारखाना अशा तीन जणांचे आकडे जुळावे लागतात. आठ अंकी बिन आणि सोळा अंकी नंबर धरला तर शेवटचा तपास-अंक वजा जाता सात अंक उरतात, म्हणजे एका बिनवर १ कोटी कार्डं. तुम्हाला पुरेल. पण प्रायोजक बँकेने त्या सातांतले दोन-तीन अंक तुमच्या बँकेची ओळख म्हणून राखले तर १०,००० वरच गाडी अडू शकते. आधी विचारा.

कीज कारखान्यात पाठवताना तीन भागांत, तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या हातून जातात. कुणा एकाला पूर्ण की कळत नाही. दोन्ही टोकांना तपास-मूल्य जुळलं पाहिजे. हे काम एका बैठकीत नीट करा, ईमेलने तुकडे पाठवण्याची सवलत कुणालाही देऊ नका.

चाचणी कार्डांत सापडणाऱ्या चुका त्याच त्याच असतात. कार्डाचा क्रमांक-अनुक्रम (एकाच नंबरचं हे कितवं कार्ड ते सांगणारे दोन अंक) चिपमध्ये ०१ आणि बँकेच्या सर्व्हरवर ०० असला की चिपने केलेली सही जुळत नाही आणि प्रत्येक व्यवहार नाकारला जातो, जरी सगळं बाकी बरोबर असलं तरी. चुंबकीय पट्टीवरचा सीव्हीव्ही, म्हणजे कार्ड खरं आहे का ते पडताळणारा आकडा, आणि चिपमधला सीव्हीव्ही वेगळे असतात. चिपमधला काढताना सर्व्हिस कोडच्या (कार्ड कुठे आणि कसं चालतं ते सांगणारे तीन अंक) जागी ९९९ घालतात आणि मागे छापलेला काढताना ०००. तिन्ही ठिकाणी एकच छापला तर चोरलेल्या चिपच्या माहितीवरून पट्टीचं खोटं कार्ड बनू शकतं, म्हणून ही तपासणी प्रत्यक्ष आकडे काढून करा. पट्टीवरचा सर्व्हिस कोड २ किंवा ६ ने सुरू होतो ना ते पाहा. तो १ ने सुरू झाला तर मशीनला कळतच नाही की कार्डावर चिप आहे. देशाचा आणि चलनाचा कोड दोन्ही ३५६. आणि चिपमधल्या बँकेच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कार्डाच्या मुदतीच्या आधी संपत नाही ना ते तारखेसह तपासा.

मेट्रोसाठी शेवटची ही तारीखच सगळ्यात महत्त्वाची. एनसीएमसी, म्हणजे मेट्रो-बसमध्ये देशभर चालणाऱ्या सामायिक कार्डातले, पैसे चिपमध्ये असतात आणि मुंबई-पुण्याच्या मेट्रोचं फाटक बँकेला न विचारता कार्डाची खात्री करून घेतं. फाटक ती खात्री प्रमाणपत्रावरून करतं. दुकानात ऑनलाइन चालणारं कार्ड फाटकावर अडलं तर आधी प्रमाणपत्राची साखळी बघा, मग अँटेनाचा सूर. एनसीएमसी घेणार असाल तर आतापासूनच तसं प्रोफाइल मागा. साध्या टॅप कार्डात ते नंतर घालता येत नाही.

ग्राहकाच्या हाती कार्ड जाताना ते रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशाप्रमाणे फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांत, चिप घालून वापरण्यापुरतंच चालू असलं पाहिजे. टॅप, ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. हे नियंत्रण बँकेच्या सर्व्हरवर ठेवा, चिपमध्ये कोरू नका, नाहीतर ग्राहकाने ॲपमधून टॅप सुरू केला तरी कार्ड ऐकणार नाही. पिनशिवाय टॅपची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये आहे. टॅप आधी सुरू करावा लागतो हे कार्डासोबतच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात आणि पहिल्या ओळीत छापा. सदोष म्हणून परत येणाऱ्या कार्डांत पुष्कळ कार्डं फक्त टॅप सुरू न केलेली असतात.

सगळी २०,००० कार्डं एकदम पर्सोनलाइज करू नका. आधी ५० कार्डं कर्मचाऱ्यांना द्या आणि दोन आठवडे रोज वापरायला सांगा: आपलं एटीएम, दुसऱ्या बँकेचं एटीएम, पेट्रोल पंप, किराणा, मेट्रोचं फाटक. कोणतं मशीन, चिप की टॅप, कितव्या प्रयत्नाला चाललं, एवढंच एका कागदावर लिहून घ्या. त्यातली पाच कार्डं मुद्दाम मागच्या खिशात ठेवणाऱ्यांना द्या. उरलेली कोरी कार्डं कारखान्याच्या व्हॉल्टमध्ये मोजणीसह राहू द्या आणि मागणीप्रमाणे काढा. चिपच्या मंजुरीची मुदत संपायच्या आत ती वापरून होतील एवढाच साठा करा.